जर्मनीतली पी-१ अन् परभणीतली ई-रिक्षा

गाडी घेऊन चौदा महिने झाले. लिहायचं पहिल्याच महिन्यात मनात होतं, पण नव्या गाडीचं कौतुक म्हणजे लग्नाच्या आठव्या दिवशी केलेलं सासूचं कौतुक. म्हणलं एक उन्हाळा जाऊ द्या, एक पावसाळा जाऊ द्या. दोन्ही गेले.

मी रिक्षावाला नाही. परभणीत जिंतूर रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या, कडबाकुट्टीच्या, ट्रकच्या सेल्फच्या, जी मोटार जळाली ती माझ्याकडं येते. रिक्षा घेतली ती भाच्यासाठी. डी.एड. करून बसला होता, मग दोन वर्षं पुण्यात कंपनीत राहून बघितलं. बनी तो बनी, नहीं तो परभणी. परत आला. बहीण म्हणली, दादा, तुम्हीच काहीतरी बघा. पावणेदोन लाखाच्या आतबाहेर रक्कम गेली, पासिंग-इन्शुरन्स धरून.

कंपनीचं नाव लिहीत नाही. शोरूमवाल्याशी वाद अजून मिटलेला नाही, आणि खरं सांगायचं तर या गाड्या एकमेकींच्या इतक्या सारख्या आहेत की काचेवरचं स्टिकर बदललं की कंपनी बदलते. चेसीस तीच, मोटार तीच, मोटारीचा जोर मागच्या चाकांना वाटणारं डिफरेन्शियल तेच. त्यामुळं मी लिहितोय ते बहुतेक सगळ्यांनाच लागू पडेल. मोटार १००० वॅटची, ब्रशविना चालणारी. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, शिशाच्या, ॲसिडवाल्या, १२० अँपिअर-तासाच्या. स्पीड २५ च्या वर जात नाही, कायद्यानंच तेवढं. एका चार्जिंगला १०० किलोमीटर, असं शोरूमवाला म्हणला होता. त्या १०० वर पुढं येतो.

आधी जर्मनीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझं बॅटरीचं म्हणणं कळणार नाही.

आमच्या गल्लीतला एक पोरगा तिकडं नोकरीला आहे. जगात जर्मनी, भारतात परभणी, ही म्हण आम्ही जन्मापासून ऐकतो, पण दोन्ही बघितलेला माणूस मला तो एकटाच माहीत आहे. दिवाळीत आईचा मिक्सर घेऊन दुकानात आला. मिक्सर खोलेपर्यंत बसला होता, तेवढ्यात बाहेर भाच्याची रिक्षा लागली. म्हणला, काका, तुम्हाला एक दाखवतो. मोबाइलमध्ये फोटो. स्टुटगार्टच्या पोर्शे म्युझियममधला. लाकडी आऱ्यांची चाकं, घोड्याच्या बग्गीसारखा सांगाडा, आणि मागच्या बाजूला एक अष्टकोनी डबा. तो डबा म्हणजे मोटार. मिक्सर तसाच राहिला.

ही गाडी १८९८ ची. नाव एगर-लोनर, सी.२ फेटन. फेटन म्हणजे उघडी बग्गी. २६ जून १८९८ ला व्हिएन्नाच्या रस्त्यावर पहिल्यांदा धावली. लोनर म्हणजे तिथले बग्ग्या बनवणारे, एगर म्हणजे विजेच्या सामानाची कंपनी, आणि एगरकडं कामाला असलेला बावीस वर्षांचा पोरगा म्हणजे फर्डिनांड पोर्शे. पत्र्याचं काम करणाऱ्याचा मुलगा. पुढं ज्याच्या नावाच्या गाड्या निघाल्या, तो. बीटल गाडी त्याचीच, आणि ती हिटलरच्या सरकारसाठी केलेली, हेही म्हणून ठेवतो; कौतुकाच्या भरात लोक एवढं वाक्य गाळतात.

ही गाडी १९०२ पासून ऑस्ट्रियात एका गोदामात पडून होती. कोणी हात लावला नाही. २०१४ च्या जानेवारीत पोर्शे कंपनीनं ती जगापुढं आणली. मुख्य मुख्य भागांवर ‘पी१’ कोरलेलं आहे, म्हणजे पोर्शे नंबर एक, आणि ते त्यानं स्वतःच कोरलं असं कंपनी सांगते. सीट आणि असे बरेच भाग सापडले नाहीत. म्युझियमवाल्यांनी ते नवे करून जुन्यासारखे रंगवले नाहीत. वेगळ्याच मालाचा नुसता आकार बसवला, म्हणजे जुनं कोणतं अन् भरलेलं कोणतं हे लांबूनही कळावं. हे मला लई आवडलं. आमच्या धंद्यात उलटं चालतं. जळालेल्या मोटारीला वरून निळा रंग मारला की गिऱ्हाईक खूश.

कोरण्याचं मात्र मला नवल वाटलं नाही. मीही प्रत्येक मोटारीच्या झाकणाला आतून खूण करतो: तारेचा गेज, वेढे किती, तारीख. पुन्हा आली की उघडताच कळतं कोणी बांधली होती. पण माझ्या दुकानात पोरांनी बांधलेल्या मोटारीवरही खूण माझ्याच पद्धतीची असते. म्हणून एकट्या पोरानं अख्खी गाडी केली हे मी निम्मंच धरतो. चाकं सुतारानं केली असतील, पाटे लोहारानं. मोटार मात्र ज्यानं केली त्याचा हात बघण्यासारखा आहे.

जर्मनीतल्या त्या पोरानं आकडे पाठवले, मी ते दुकानाच्या वहीत उतरवून घेतले. मोटार १३० किलोची, ताकद फक्त ३ हॉर्सपॉवर. थोडा वेळ ओढली तर ५ पर्यंत जायची. आज ३ हॉर्सपॉवरची मोटार एक माणूस उचलून सायकलवर ठेवतो. पण त्या काळच्या मोटारी हळू फिरायच्या, आणि हळू फिरून तेवढाच जोर द्यायचा म्हणलं की लोखंड अन् तांबं भरपूर लागतं. शिवाय ती मोटार सांगाड्याला घट्ट आवळलेली नव्हती, लवचीक लटकवलेली होती, हादरे बसू नयेत म्हणून. आमच्या रिक्षाची मोटार डिफरेन्शियलला चार बोल्टांवर सरळ आवळलेली. परभणीच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिच्या बेअरिंगला स्वतः जाऊन भेटतो.

गाडीचं एकूण वजन १३५० किलो, त्यात ५०० किलो बॅटरी. ४४ सेल, १२० अँपिअर-तास.

१२० हा आकडा वाचल्यावर मी उठून रिक्षाची सीट उचलली अन् बॅटरीवरचं लेबल बघितलं. १२०. तोच.

मग रात्री हिशेब मांडला. शिशाचा एक सेल २ व्होल्टचा. ४४ म्हणजे ८८ व्होल्ट, गुणिले १२०, साडेदहा हजार वॅट-तास, म्हणजे साडेदहा युनिट. ती गाडी एका चार्जिंगला ८० किलोमीटर जायची. म्हणजे किलोमीटरला साधारण १३० वॅट-तास. आमची रिक्षा ४८ व्होल्ट गुणिले १२०, पावणेसहा युनिट. नवी असताना ८५ किलोमीटर गेली. किलोमीटरला ६८. निम्मी. पण रिक्षा मोकळी साडेतीनशे किलोच्या आसपास, माणसं अन् सामान धरून सातशे, म्हणजे वजनही निम्मंच. किलोला किती वीज लागली हे काढलं तर दोन्हींचं उत्तर जवळजवळ एकच येतं. भाच्याला दाखवलं. तो म्हणला, “मामा, म्हंजी सव्वाशे वर्षं काय करायलेत सगळे?”

तसं अगदी नाही. मोटार १३० किलोवरून दहा-बारा किलोवर आली, लिथियम आलं. पण पावणेदोन लाखाच्या रिक्षात अजून शिसंच आहे, आणि शिशाची बॅटरी प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ ला केली ती मुळात तशीच आहे. त्या गाडीत वजनाचा तिसरा हिस्सा बॅटरी होती, आमच्यातही तिसराच. हे एकदा डोक्यात बसलं की रिक्षाकडं बघायची नजर बदलते. ही मोटारगाडी नाही. ही चाकं लावलेली बॅटरी आहे, आणि तिला जनावरासारखं सांभाळावं लागतं.

आता १०० किलोमीटरचं.

पहिला महिना ८५ ते ९० मिळाले. स्टेशन, बसस्टँड, विद्यापीठ, वसमत रोड, दिवसाला ७० किलोमीटर पुरायचे. रात्री आठ-नऊ तास चार्जिंग, साडेसात-आठ युनिट. पेट्रोलच्या मानानं हसू येईल एवढा खर्च. फेब्रुवारीत उरूस आला. दर्ग्याच्या रस्त्यावर कायद्यानं चार माणसं बसवायची तिथं सहा बसली, पोरंसोरं वेगळी. गाडी चालली, पण उड्डाणपुलाच्या चढणीला कंट्रोलरनं, म्हणजे मोटारीला वीज सोडणाऱ्या डब्यानं, हात टेकले. बंदच. भाच्यानं फोन केला, “मामा, चढायलीच नाय.” म्हणलं दोघं उतरव, पाच मिनिटं थांब, थंड होऊ दे. चालू झाली. यात गाडीची चूक नाही. पोर्शेची मोटार ३ ची ५ व्हायची तीही थोडाच वेळ; आमचे लोक मात्र सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत ५ च मागतात.

त्याच पुलावरून उतरताना दुसरी गोष्ट कळली. त्या जुन्या गाडीच्या कंट्रोलरला बारा टप्पे होते: सहा पुढं जायला, दोन मागं, आणि चार ब्रेकला. १८९८ ला ब्रेकचे चार टप्पे! आमच्या गाडीला केबलचे ड्रम ब्रेक, तेही पंधरा दिवसांत ढिले पडणारे. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी गेलं की पहिल्या दोन दाबण्यांत गाडी नुसती ऐकून घेते. ही या गाडीतली सगळ्यात वाईट गोष्ट, आणि इथं कंपनीला माफी नाही. घेणार असाल तर शोरूममध्येच उताराची जागा शोधून, मागं चार माणसं बसवून ब्रेक मारून बघा. आम्ही मोकळी गाडी सपाट रस्त्यावर बघितली.

मार्च संपता संपता ऊन सुरू झालं. परभणीचा मे ज्यानं काढला त्याला वेगळं सांगायला नको, पारा ४४-४५ ला जाऊन बसतो. त्या उन्हात सीटखालच्या पत्र्याच्या पेटीत बॅटऱ्या. पाणी उडतं. मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आठ दिवसांनी झाकणं उघडून प्लेटांच्या वर पाणी आहे का बघायचं, आणि डिस्टिल वॉटरच घालायचं. पोरगं ऐकतं, पण एका शनिवारी डिस्टिल वॉटर संपलं म्हणून स्टँडवरच्या जारमधलं पाणी घातलं. “आरओचं हाय की मामा, आपण पितोच की.” आपण पितो, बॅटरी पीत नाही. बरं, तेवढ्यानं काही लगेच बिघडत नाही. बिघडलं ते दुसऱ्या गोष्टीनं. मे महिन्यात रात्री लाइट जायची, कधी दोन तास, कधी चार. सकाळी गाडी अर्धी भरलेली. तीच तशी धंद्याला काढायची, दुपारी उतरलेली तशीच उभी करायची. शिशाच्या बॅटरीला उपाशी उभं केलं की प्लेटांवर पांढरा थर धरतो, आणि तो थर मग निघता निघत नाही.

जूनमध्ये ७० किलोमीटर. दसऱ्याला ५५. तेराव्या महिन्यात ४५, आणि एक दिवस गंगाखेड नाक्यावर गाडी उभी.

दुकानात आणून मी चारही बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा घट्टपणा, घेतली. काचेची नळी ॲसिडमध्ये घातली, तरंगणारा काटा वाचला. पहिली, दुसरी, चौथी: १२२०, १२३०, १२२०. चांगली नाही, पण जिवंत. तिसऱ्या बॅटरीचे पाच सेल असेच. सहावा ११२०. नळीत ओढलेलं ॲसिड गढूळ, चहाच्या तळाला राहतं तसं. लोड टाकला तर बाकीच्या तिघी १२ वर थांबायच्या, ही पावणेदहाला जाऊन बसायची. चार बॅटऱ्यांत मिळून २४ सेल, त्यातला एक मेला, आणि चारही एका माळेत असल्यामुळं कंट्रोलरला वाटलं सगळ्याच संपल्या. तेवीस चांगल्या बैलांना एक बसका बैल बांधलाय असं समजा.

शोरूमवाल्याकडं गेलो. घेताना तोंडी एक वर्ष वॉरंटी होती. कार्डावर बारीक अक्षरात सहा महिने, आणि पुढचे सहा महिने किमतीत सूट. तेराव्या महिन्यात दोन्ही नाही. “साहेब, पाणी कमी पडलंय तुमचं.” मी एकतीस वर्षं हाच धंदा करतो, मला पाणी शिकवायला निघाला. पाणी कमी असतं तर सहाही सेल मेले असते, एकच नाही. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं, त्यानं नीट ऐकून घेतलं, चहाही पाजला, आणि दिलं काहीच नाही. सर्व्हिसला पाचात एक मार्क, तोही चहाचा.

नवा सेट बेचाळीस हजाराला पडला, जुना परत देऊन. म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये बाजूला टाकले तरच पुढच्या वर्षी हा खर्च झेपतो. हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. पेट्रोल वाचतं ते खरं, पण त्यातलं बरंच शिशाला जातं. भाच्याला सगळं जाऊन दिवसाला पाचशे ते सहाशे सुटतात. लग्नसराईत जास्त, पावसात कमी.

गाडी उभीच होती तर मी मोटारही उतरवली. इथं मला सांगायला आनंद होतो. झाकण काढलं, आत वार्निश नीट, तांब्याची तार, स्लॉटमधला कागद कुठं काळा पडलेला नाही. मी ॲल्युमिनियम निघेल म्हणून तयारीत होतो. दोष एकच सापडला: मोटार कुठवर फिरली हे कंट्रोलरला कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या तीन बारीक वायरी झाकणाला घासत होत्या, एकीचं आवरण गेलेलं. आणखी महिनाभरात शॉर्ट होऊन मोटार झटके मारायला लागली असती, आणि शोरूमवाल्यानं अख्खी मोटार बदला म्हणून सांगितलं असतं. वीस रुपयांची स्लीव्ह घातली, दोऱ्यानं बांधली, वार्निशचा हात मारला. बेअरिंग दोन्ही बदलले; खड्ड्यांनी त्यांचा आवाज गेलाच होता. मोटार अन् डिफरेन्शियलच्या मध्ये रबराचं काही देता येईल का हे दोन दिवस बघत बसलो, जर्मनीच्या फोटोचा परिणाम. नाही जमलं. गिअरचे दात बिघडतील म्हणून सोडून दिलं.

झाकण लावायच्या आधी पंचानं तारीख ठोकली. भाचा म्हणला, इथं कोण बघणारंय?

बघणारा पुन्हा मीच, आणखी वर्षभरानं.

त्या जुन्या गाडीबद्दल एक राहिलं. २८ सप्टेंबर १८९९ ला बर्लिनमध्ये विजेच्या गाड्यांची शर्यत झाली, ४० किलोमीटरची. पोर्शे तिघांना बसवून निघाला आणि दुसऱ्या नंबरच्या अठरा मिनिटं आधी पोचला. निम्म्याहून जास्त गाड्या पोचल्याच नाहीत. त्यात बॅटरी किती गाड्यांची बसली असेल, याचा अंदाज मी घेऊ शकतो. त्या दिवशी त्याच्या ४४ सेलांत एकही गढूळ नसणार. माणूस स्वतः चाचणी विभाग सांभाळायचा. निघायच्या आधी झाकणं उघडून बघितल्याशिवाय राहिला नसेल, असं माझं आपलं मत.

तर घ्यावी का? घरात कोणीतरी आठवड्याला बॅटरीची झाकणं उघडणार असेल, रात्री लाइट भरवशाची असेल आणि धंदा गावातल्या गावात असेल तर घ्या. ५० किलोमीटर धरून हिशेब करा, १०० धरून नाही. जिंतूर किंवा पाथरीची भाडी मारायचा विचार असेल तर नको, अर्ध्या वाटेत माणसं ढकलत बसतील. पैसे असतील तर लिथियमवाली बघा. एका गिऱ्हाइकानं गेल्या महिन्यात घेतली, वजन कमी, पाण्याची कटकट नाही, किंमत मात्र डोळे पांढरे करणारी, आणि तिचं वर्ष अजून व्हायचंय म्हणून मी काही बोलत नाही. मोटारीला पाचात साडेचार. बॅटरीला अडीच. ब्रेकला शून्य देणार होतो, पण केबल स्वस्त मिळते म्हणून अर्धा.

चार्जरचा पंखा अजून जुनाच आहे. रात्रभर ओसरीत घरघर करतो, अन् बायको रोज सकाळी विचारते, दुनियेच्या मोटारी बांधता, एवढा एक पंखा कधी बघणार.